घोड्याच्या पाठीसाठी : खोगीर-तपासणी शिबिराला हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आले, कापसाची वेचणी चालू आहे. तुळशीचे लग्न लागले की वरातींचा हंगाम उघडेल. मेळघाटाच्या पायथ्याच्या आपल्या पट्ट्यात ज्यांच्या दारी घोडा आहे, त्यांचे वर्षाचे पैसे याच हंगामात निघतात. काहींचे घोडे चिखलदऱ्याला पर्यटकांना फिरवतात. त्याआधी प्रत्येक घोड्याची पाठ आणि तिच्यावर चढणारे खोगीर एकदा जोडीने तपासून घ्यावे, म्हणून आमचे अश्वपालक मंडळ दोन दिवसांचे मोफत शिबिर घेत आहे. त्यासाठी पैसा, सामान आणि माणसे, तिन्ही हवे आहेत. वरातीमागून घोडे नको, म्हणून आत्ताच मागतो आहोत.

बैलाचा खांदा कसा सांभाळायचा हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकतो, हळद-तूप लावतो, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणतो. जू कुठे घासते ते वखराच्या दोन तासांत ओळखतो. घोड्याच्या पाठीला असा सण नाही. वरून जरीची झूल पडली की खाली काय चालले आहे ते नवरदेवाला दिसत नाही, बँडवाल्यांना दिसत नाही आणि खरे बोलायचे तर पुष्कळदा मालकालाही दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात वेस्टर्न सॅडल दिसू लागले आहे. पुढे धरायला हॉर्न म्हणजे मुठीसारखा खुंट, ऐसपैस बैठक, चामड्यावर कोरलेली फुले. नवरदेवाला आधार मिळतो, फोटोही झकास येतो. वस्तू वाईट नाही. अमेरिकेतल्या गुराख्यांनी दिवसदिवस घोड्यावर बसून दोराने जनावर धरायला ती घडवली. पाठीला नीट बसली तर वजन मोठ्या भागावर पसरवते. पण तिच्या पोटात लाकडाचा नाहीतर फायबरचा कडक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. कण्याच्या दोन्ही अंगांना टेकणाऱ्या दोन लांब पाट्या, म्हणजे बार, आणि पुढे त्यांना जोडणारी कमान. चामडे वापरून मऊ पडते, सांगाडा पडत नाही. बाजारात येणारे बहुतेक सांगाडे क्वार्टर हॉर्स या अमेरिकन घोड्याच्या जातीच्या रुंद, गोल पाठीच्या बेताचे असतात. सारंगखेड्याहून किंवा माळेगावच्या यात्रेतून आपण आणतो ते मारवाडी, काठियावाडी वळणाचे घोडे अंगाने अरुंद आणि मानेच्या बुडाशी उंच. रुंद सांगाडा अशा पाठीवर खाली बसतो आणि कमान थेट त्या उंचवट्यावर टेकते. कानपूर हे खोगिरांचे जुने गाव, तिथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे. पण तिथलाही बराच माल परदेशी गिऱ्हाइकासाठी बनतो. 'फुल क्वार्टर', 'सेमी क्वार्टर' या रुंदी सांगणाऱ्या लेबलांवर तर आम्ही अजिबात भरवसा ठेवत नाही. प्रत्येक बनवणाऱ्याचे माप वेगळे.

आमच्या एका सभासदाने असेच एक खोगीर ऑनलाइन मागवले. विकणाऱ्याने 'सगळ्या घोड्यांना बसते' असे छातीठोक सांगितले होते. महिन्याभरात शांत घोडी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, ओढताना चावायला धावू लागली. "लय कडू झाली भौ, इकून टाकतो," असे म्हणत ते आमच्याकडे आले. वरून पाहिले तर पाठ स्वच्छ. घोडी पांढरी! तपकिरी किंवा काळ्या घोड्याला खोगिराचा दाब बसला की तिथे पांढरे केस उगवतात आणि लांबूनही कळते. पांढऱ्या घोडीवर ते दिसणार कसे? आणि वरातीला तर सगळ्यांना पांढरीच हवी. शेवटी डोळे मिटून बोटांनी चाचपले. खांद्याच्या पात्यामागे, दोन्ही बाजूंना, रुपयाएवढी कडक गाठ. कातडी बाजूच्या कातडीपेक्षा गरम. बोट दाबताच घोडीने पाठ खाली घेतली. स्वभाव कडू झाला नव्हता, पाठ लागली होती, म्हणजे खोगिराने दुखावली होती.

असे झाले की आपला पहिला उपाय ठरलेला: खाली आणखी एक घोंगडी टाका. इथेच घोटाळा होतो. खोगीर आधीच अरुंद असेल तर जितकी खोगीरभरती कराल तितके ते जास्त आवळते, चावणाऱ्या जोड्यात जाड मोजा घातल्यासारखे. खोगीर थोडेसेच रुंद असेल तर चांगल्या लोकरी नमद्याने, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या गादीने, काही दिवस भागते. पण फार रुंद असेल तर गादीवर गादी चढवून ते डुलू लागते, आणि मग ते गरगर फिरू नये म्हणून तंग अजून कसला जातो. म्हणून आधी माप, मग गादी.

शिबिरात काय करणार ते सांगतो, म्हणजे ज्यांना येणे जमणार नाही त्यांना घरीही करता येईल. घोडा सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ, मान समोर. गादी न टाकता खोगीर जरा पुढे ठेवायचे आणि हलक्या हाताने मागे सरकवायचे. जिथे ते आपणहून थांबते ती त्याची जागा. आपल्याकडे दहातले आठ जण खोगीर पुढे चढवतात, हे आमचे स्पष्ट मत आहे. सांगाड्याचे पुढचे टोक (चामड्याचे नव्हे) खांद्याच्या पात्याच्या मागे हवे. कुणाला तरी पुढचा पाय उचलून पुढे ओढायला सांगा आणि तळहात पात्यावर ठेवा: पाय पुढे जातो तसा पात्याचा वरचा भाग मागे येतो. त्याला फिरायला जागा नसेल तर घोडा पावले आखूड टाकतो, आणि आपण म्हणतो आळशी आहे.

मग कमानीखाली बोटे घाला. उंचवट्याच्या वर दोन-तीन बोटांची फट हवी, आणि मागून वाकून पाहिले तर कण्यावरून पुढपर्यंत आरपार उजेड दिसला पाहिजे. हेच माणूस बसवून पुन्हा पाहा, कारण वजन आले की खोगीर खाली जाते. आता तळहात सपाट करून पाटीखालून पुढून मागे सरकवा. दाब सगळीकडे सारखा लागला तर उत्तम. पुढे-मागे हात अडकतो आणि मधे पोकळ लागतो, तर सगळे वजन चार टोकांवर आले. नवरदेव कितीही हलका असो, ती चार टोके मांसात रुततात. उलट मधेच टेकून खोगीर पुढे-मागे डुलत असेल तर तेही नको.

मागच्या बाजूला शेवटची बरगडी शोधा. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या. अठरावी बरगडी बोटाने धरून वर कण्यापर्यंत जायचे, आणि पाट्यांचा भार त्या रेषेच्या अलीकडेच संपला पाहिजे. पलीकडे कमर, तिला खालून बरगड्यांचा आधार नाही. आपल्या ठेंगण्या, आखूड पाठीच्या घोड्यांवर लांब खोगीर हमखास तिथे जाते.

चिखलदऱ्याच्या मंडळींना वेगळे सांगायचे आहे. सपाटीवर छान बसलेले खोगीर उतारावर खांद्यावर येते आणि चढावर मागे घसरते. तेव्हा मागचा तंग आणि छातीपट्टा घालून चढ-उतारावर चालवून पाहिल्याशिवाय आम्ही कुठल्याही खोगिराला 'बरोबर' म्हणणार नाही. मागचा तंग मात्र पोटाला जेमतेम टेकलेला हवा, करकचून नको.

शेवटची परीक्षा घामाची. अर्धा-पाऊण तास काम झाले की सावलीत खोगीर उतरवा आणि लगेच पाहा. आपल्या उन्हात घाम बघता बघता वाळतो. कण्यावरची कोरडी पट्टी ठीक आहे. पण ओल्या पाठीत मधेच बशीएवढा कोरडा डाग असेल तर एक तर तिथे इतका दाब आहे की घाम फुटलाच नाही, नाहीतर खोगीर तिथे टेकतच नाही. दोन्हींतले कोणते, ते हाताने चाचपून ठरते. जुने पांढरे धोतर गादीखाली पसरून चालवले तर मळाच्या डागांवरूनही दाबाचा नकाशा मिळतो.

आणि वजन. घोड्याने खोगिरासकट आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा भार उचलावा, असा ठोकताळा आहे. साडेतीनशे किलोच्या घोडीला सत्तर किलो. भारी वेस्टर्न खोगीरच पंधराच्या घरात जाते. उरले पंचावन्न. त्यात बसणारे नवरदेव आजकाल कमीच. तेव्हा वरातीला हलके खोगीर बरे, हॉर्नचा फोटो नाही आला तरी चालेल.

आता खरी अडचण. पाठ लागलेला घोडा कामाला लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. ते बहुतेकांना ठाऊक आहे. पण ऐन हंगामात घोडा तीन-चार आठवडे बांधून ठेवला तर त्या घरात चूल कशी पेटायची? झूल टाकून घोडा बाहेर निघतो तो यामुळे. म्हणून जमा होणाऱ्या पैशाचा मोठा वाटा आम्ही दोन गोष्टींवर खर्च करणार आहोत: विश्रांतीवरच्या घोड्यांचा चारा-खुराक व औषधपाणी, आणि वेगवेगळ्या रुंदीची काही खोगिरे, जी मंडळाकडून हंगामापुरती उसनी नेता येतील.

वस्तूंमध्ये लोकरी नमदे, धुतलेल्या जुन्या घोंगड्या, जुनी धोतरे, वाकवून पाठीच्या मापाचा आकार घ्यायला जाड वायर आणि पुठ्ठे हवे आहेत. पडून असलेले खोगीर असेल तर तेही द्या; आम्ही ते हॉर्न आणि मागची कड धरून दाबून पाहू. मधे वाकले किंवा करकरले तर सांगाडा तुटलेला आहे, तो कुणाच्याही पाठीवर जाणार नाही, त्याचे चामडे, रिकिबी आणि बक्कल कामी येतील. फोमच्या गाद्या आणू नका, त्या चेपून सपाट होतात आणि पाठ तापवतात. कडबा, हरभऱ्याचे कुटार, हरभरा यांना नाही म्हणणार नाही. चामडे शिवणारे कारागीर आणि खोगीर टांगायचे लाकडी स्टँड करून देणारे सुतार दोन दिवस आले तर जाण्यायेण्याचा खर्च व जेवण मंडळाकडे. पशुवैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी तर नक्की या. माप घ्यायला आणि नोंदी ठेवायला लिहिणारे हात कमी आहेत.

रक्कम कितीही चालेल. रोख देणाऱ्यांनी पावती मागून घ्यावी. बँकेत भरणाऱ्यांसाठी खात्याचा तपशील ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे, आणि शिबिरानंतर जमा-खर्चही तिथेच लागेल.

घोडेवाल्यांना एक विनंती. शिबिराच्या दिवशी घोडा हाताने धरून आणा, बसून नको, आणि खोगीर वेगळे बैलगाडीत किंवा टेम्पोत टाका. घोड्याला आदल्या दिवशी खरारा करा, तेल मात्र लावू नका. तेलाच्या पाठीवर घामाचा डाग कळत नाही.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद,
अश्वपालक मंडळ