बायपासच्या आधी डोक्याचंही सांगत जा

माननीय संपादक साहेब,

नमस्कार. महात्मा फुले योजनेतून बायपास झाल्याच्या बातम्या आपल्या पेपरात येतात, वाचून बरं वाटतं, पण ऑपरेशननंतर म्हातारं माणूस दोन-तीन दिवसांनी भलतंच बोलायला लागतं त्यावर कोणी एक ओळ लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या चुलत्यांची बायपास संभाजीनगरला झाली. हार्टचं काम एकदम ओके. पण आयसीयूत रात्री नळ्या उपसायलेत, "बैलं आत घ्या, आभाळ आलंय" म्हणून ओरडायलेत, सिस्टरला काकू समजून भाकर मागायलेत. शेवटी हात बांधले. आम्हाला बाहेर येऊन एवढंच सांगितलं की पेशंट ऐकत नाहीत. गावाकडं फोन गेला तर निम्मं गाव म्हणायलं बाहेरचं काहीतरी लागलं, एक पाव्हणा तर अंगारा घेऊन एसटीत बसला पण!

याला डिलिरियम म्हणतात आणि हार्टच्या ऑपरेशननंतर वयस्कर पेशंटमध्ये ते लई कॉमन आहे. अमेरिकेत ६० च्या पुढच्या २२५ पेशंटवर अभ्यास झाला, २०१२ ला छापून आला, त्यात ४६ टक्के लोकांना डिलिरियम झालता. बहुतेक जण त्यातून बाहेर येतात, पण ज्यांना झाला त्यातले ४० टक्के सहा महिन्यांनंतरही डोक्यानं आधीसारखे नव्हते, ज्यांना झाला नाही त्यांच्यात हेच २४ टक्के. म्हणजे "होईल नीट" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

दुसरी बाजूपण सांगितली पाहिजे, नाहीतर लोक बायपासलाच घाबरतील (आमच्याकडं घाबरायला कारण लागत नाही). ऑपरेशन चालू असताना हार्टच्या ऐवजी मशीनवर रक्त फिरवलं की स्मरणशक्ती जाते असं बरेच जण म्हणतात. पण नेदरलँड्समध्ये मशीनवर आणि मशीनशिवाय केलेल्या बायपासची तुलना केली तर पाच वर्षांनी डोक्याच्या बाबतीत फरक निघाला नाही, आणि स्टेंटवाल्यांशी तुलना केली तरी एकंदरीत मोठा फरक दिसला नाही. बीपी, शुगर, तंबाखू यांनी हार्टच्या नसा खराब केल्या तशाच मेंदूच्याही केलेल्या असतात, त्यामुळं पुढं विसरभोळेपणा वाढला तर सगळं खापर ऑपरेशनवर फोडण्यात अर्थ नाही.

मागणं मोठं नाही. ऑपरेशनच्या आधी सहीचा कागद पुढं करता तेव्हाच घरच्यांना मराठीत सांगा की असं होऊ शकतं, हे वेड नाही. आधी कधी विसरत होते का, पॅरालिसिसचा झटका आलाय का, दारू किती, हे विचारा, आणि स्मरणशक्तीची छोटी टेस्ट आधीच करून ठेवा, नंतर कशाशी ताडून बघणार? शुद्धीवर आले की चष्मा आणि कानाचं मशीन लगेच द्या. आमच्या चुलत्यांचा चष्मा सगळे दिवस माझ्या खिशात होता, कारण आत काही नेऊ देत नव्हते. रात्री लाईट कमी करा, झोपू द्या, घरचं एक माणूस थोडा वेळ जवळ बसू द्या, ओळखीचा आवाज ऐकला की म्हातारं माणूस बरंच शांत होतं. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेलेच असतात, कागदपत्रं सांगताना त्यांनी हेही सांगितलं तर सरकारचा रुपया जास्तीचा जाणार नाही.

आपल्या आरोग्य पुरवणीत मराठवाड्यातल्या एखाद्या भूलतज्ज्ञांकडून यावर लिहून घ्या ही विनंती.

आपला एक वाचक,
जिंतूर, जि. परभणी