स्टेपलरच्या कार्ट्रिजवर नुसता रंग नको, मोठा आकडा हवा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मी एका खासगी हॉस्पिटलात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे, 19 वर्षं झाली. पेपरला कधी पत्र लिहिलं नव्हतं, पण ऑपरेशनमधल्या स्टेपलरबद्दल डॉक्टर आणि कंपनीवाले सोडून कोणी बोलतच नाही, आणि ते उपकरण सर्जनच्या हातात जाण्याआधी आमच्या हातातून जातं, म्हणून लिहितेय.

आतडं, जठर, फुफ्फुस अशा ऑपरेशनमध्ये हल्ली हाताने टाके घालण्याऐवजी बरेचदा स्टेपलर वापरतात. ऑफिसातला असतो तसाच का, असं लोक विचारतात, तर कल्पना तीच आहे. टायटॅनियमच्या बारीक पिना असतात, दाबल्या की इंग्रजी बी अक्षरासारख्या वळतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन किंवा तीन-तीन ओळी बसतात आणि मधून ब्लेड जाऊन आतडं कापलं जातं. 1908 मध्ये बुडापेस्टला हुमेर हुल्ट्ल नावाच्या सर्जनने पहिला स्टेपलर वापरला, तो साडेतीन किलोच्या आसपास होता आणि जोडायलाच दोन तास लागायचे. आज तेच काम काही सेकंदात होतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पेशंटचा भुलीचा वेळ वाचतो हे मी रोज बघते.

माझी तक्रार रंगाबद्दल आहे. स्टेपलरला आम्ही गन म्हणतो, आणि तिच्यात पिना भरलेली जी पट्टी बसवतात ती कार्ट्रिज. पिनेची उंची कळावी म्हणून कार्ट्रिजला रंग दिलेला असतो. पांढरी म्हणजे पातळ टिश्यूसाठी, साधारण अडीच मिलिमीटर, निळी साडेतीनच्या आसपास, हिरवी जाड टिश्यूसाठी. आता हिरवी म्हणजे किती, तर एका कंपनीची 4.1 आणि दुसरीची 4.8, आणि तिसऱ्या प्रकारच्या गनला निळी-हिरवी नाहीच, तिथे जांभळी आणि काळी. आमच्या कपाटात टेंडर बदललं की कंपनी बदलते, त्यामुळे दोन-तीन प्रकारचा माल शेजारी शेजारी पडलेला असतो. त्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनला ओटीतले लाइट बंद करतात, फक्त मॉनिटरचा उजेड, आणि त्या उजेडात निळी नि हिरवी सारखीच दिसते. आकडा पाकिटावर छापलेला असतो पण पाकीट फाडून कार्ट्रिज ट्रॉलीवर पडली की पाकीट गेलं बाहेर.

एकदा जठराच्या ऑपरेशनला सरांनी हिरवी मागितली आणि मी हिरवी समजून निळी गनला चढवली. गन सरांच्या हातात द्यायची तेवढ्यात सर्क्युलेटिंगवाल्या (बाहेरून सामान काढून देणाऱ्या) मुलीने हातातलं फाटलेलं पाकीट मॉनिटरजवळ नेऊन वाचलं आणि ओरडली, "सिस्टर, साडेतीन आहे!" पेशंटला काही झालं नाही. पण जाड टिश्यूवर छोटी पिन बसली तर तिची बी नीट वळत नाही आणि ब्लेड मात्र कापून जातं, मग तिथून लीक होतं, आणि पोटात लीक म्हणजे काय हे ज्याच्या घरात झालंय त्याला सांगायला नको. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक माझीच होती, पण 19 वर्षं काम करणाऱ्या बाईचीही जी चूक अंधारात होऊ शकते ती डिझाइनमध्येच अडवायला नको का? रिकामी कार्ट्रिज पुन्हा फायर होऊ नये म्हणून आत लॉक बसवलंच आहे ना, मग हे पण जमेल. कार्ट्रिजच्या अंगावर मिलिमीटरचा आकडा मोठा आणि उठावदार करा, ग्लोव्ह घातलेल्या बोटालाही लागला पाहिजे, आणि रंग सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच ठरवा.

दुसरं म्हणजे हँडल. आमच्या एका सर्जन मॅडमना 6 नंबरचा, म्हणजे लहान ग्लोव्ह लागतो, हाताने दाबायची गन त्यांना दोन्ही हातांनी दाबावी लागते आणि तेवढ्यात टोक हलतं. बॅटरीवर चालणाऱ्या गनमध्ये हा त्रास कमी होतो, पण ती महाग, सगळ्या पेशंटला कुठून परवडणार? साध्या गनचंच हँडल लहान हाताला जमेल असं का बनवत नाहीत?

आणि एक गोष्ट मनाला फार लागलेली आहे. मागे एक गन आतड्यावर बंद झाली ती उघडेचना, सोडवायला 20 मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, ती गन पिशवीत घालून घेऊन गेला, बदल्यात नवीन दिली, विषय संपला. कुठे एक ओळ लिहिली गेली नाही. अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारं सरकारी खातं) मार्च 2019 मध्ये डॉक्टरांना पत्र काढलं होतं, 2011 ते मार्च 2018 या काळात स्टेपलरच्या 41 हजारांवर तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यात 366 मृत्यू होते. मग 2021 मध्ये शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलरला त्यांनी वरच्या धोक्याच्या वर्गात टाकलं, चाचण्या आणि लेबलचे नियम कडक केले. तिथे कोणीतरी लिहून ठेवलं म्हणून हे झालं. आपल्याकडेही गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनचा मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवायची सरकारी योजना, 2015 पासून आहे, तिथे नर्ससुद्धा तक्रार नोंदवू शकते, पण मला हे कळायला कितीतरी वर्षं गेली, कुणी ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही. माझी विनंती आहे की प्रत्येक ओटीत त्या तक्रारीचा फॉर्म ठेवावा आणि बिघडलेली गन बॅच नंबर लिहून घेतल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नये.

आमच्या ओटीत आता रंगाचं नाव घ्यायचंच नाही असं ठरवलंय. सर म्हणतात "साडेतीन", मी पाकीट फाडायच्या आधी मोठ्याने वाचते "साडेतीन", आणि मगच गन हातात देते.

आपली,
एक ओटी सिस्टर, सांगली