नकाशा तपासणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर सांगली-सातारा उघडला की गावं, ओढे, पाणंद रस्ते दिसतात. ते तपासायला रोज कुणीतरी बसतं, हे मात्र दिसत नाही. तुमचे आभार खाजगीत मानता आले असते. उघड पत्र लिहिण्याचं कारण एकच आहे. तुम्ही एकेकाला समजावून सांगितलेलं या भागात नकाशाचं काम करणाऱ्या सगळ्यांच्या हाती पडावं.

चुकीची नोंद परस्पर उलटवून टाकणं सोपं असतं. तुम्ही तसं करत नाही. चेंजसेटखाली, म्हणजे एकदम अपलोड केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याखाली, चार ओळी लिहिता, काय चुकलं, का चुकलं आणि कसं नीट करायचं, आणि दुरुस्ती ज्याची त्यालाच करू देता. चेंजसेटच्या टिपेत नुसतं ‘बदल’ असं लिहिणाऱ्याला तुम्ही ‘तासगाव तालुका, वस्त्यांची नावं, प्रत्यक्ष पाहणी’ असं लिहायला शिकवलंत. जत आणि महाबळेश्वरची कामं एका चेंजसेटमध्ये घालू नका, हेही तुमचंच सांगणं. तसं केलं तर त्याची चौकट दोन्ही जिल्ह्यांवर पसरते आणि तपासणाऱ्याला नेमकं कुठे पाहायचं ते कळत नाही.

कऱ्हाडच्या ‘ऱ्ह’बद्दल तर वेगळे आभार मानायला हवेत. हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात ऱ, हलन्त, ह असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि त्यानंतर ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. म्हणून नाव नकाशावर दिसतं आणि शोधायला गेलं की सापडत नाही. ओळखण्याची तुमची युक्ती साधी आहे: क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये (रकान्यांवर सूत्रं चालवायच्या खिडकीत) त्या नावाची लांबी मोजायची. पहिल्या तऱ्हेच्या ‘कऱ्हाड’ची लांबी ६ येते, दुसरीची ७. मग सगळी नावं पहिल्या तऱ्हेत आणायची. पाटीवर ‘कराड’ असेल तर ते मुख्य नाव आणि ‘कऱ्हाड’ पर्यायी नावाच्या टॅगमध्ये (नोंदीला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठीत). ‘बु.’ आणि ‘खु.’ लिहायचं नाही, बुद्रुक आणि खुर्द पूर्ण लिहायचं, कारण आखूड नावाशी शोधाचा मेळ बसत नाही.

शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकाराच्या बाबतीत तुम्ही सुरुवातीपासून कडक आहात, आणि ते बरोबरच आहे. तिच्या रकान्याच्या नावाला १० बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, मात्रा, अनुस्वार धरून. म्हणजे रकान्याचं नाव मराठीत द्यायचं तर जेमतेम तीन चिन्हं मावतात. आतल्या मजकुराचंही तेच. रकान्याची रुंदी २० ठेवली तर ‘कवठे महांकाळ’ला लागणारे ३४ बाइट मावत नाहीत आणि ‘कवठे मह’ एवढंच उरतं. अक्षरं कोणत्या पद्धतीत आहेत हे सांगणारी सोबतची सीपीजी फाइल पाठवताना गळली तर तेवढंही वाचता येत नाही, सगळी लॅटिन अक्षरांची खिचडी होते. म्हणून पहिल्या दिवसापासून जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकार वापरा, असा तुमचा आग्रह. त्यातला धोकाही तुम्हीच दाखवलात. क्यूजीआयएस उघडं असताना जिओपॅकेजशेजारी डब्ल्यूएएल आणि एसएचएम अशा आणखी दोन फाइल तयार होतात आणि ताज्या नोंदी बऱ्याचदा त्या डब्ल्यूएएलमध्येच असतात. एकटी मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेतली तर दिवसभराचं काम मागे राहतं. आधी प्रोजेक्ट बंद करायचा, फोल्डरमध्ये एकच फाइल उरली हे पाहायचं, मगच कॉपी करायची.

क्षेत्रफळाच्या चुकीमागचं कारण तुम्ही इतकं उलगडून सांगितलंत की आता ती चूक लगेच नजरेत भरते. मागे उपग्रहचित्र लावलं की प्रोजेक्ट बहुधा ईपीएसजी ३८५७ या वेब नकाशांच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट करण्याच्या पद्धतीत) जातो आणि नवी लेयरही, म्हणजे नकाशाचा नवा थरही, त्यातच बनते. सांगलीच्या अक्षांशावर या प्रक्षेपणात १०० मीटरचा बांध साधारण १०४.५ मीटर भरतो आणि क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. एकराचं, म्हणजे ४० गुंठ्यांचं रान ४३ गुंठ्यांच्या पुढे जातं. गोंधळ वाढतो तो एकाच आकृतीला दोन उत्तरं मिळतात म्हणून. डॉलरचं चिन्ह लावलेलं एरिया हे चल प्रोजेक्टमधला पृथ्वीचा लंबगोल धरून मोजतं, तर कंसात भूमिती देऊन वापरलेलं एरिया हे फंक्शन लेयरच्या सपाट प्रक्षेपणात मोजतं. आपले दोन्ही जिल्हे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या पट्टा ४३ उत्तरमध्ये येतात, म्हणून लेयर त्याच पट्ट्याच्या ईपीएसजी ३२६४३ मध्ये साठवायची. मग दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी येतात.

जमिनीच्या गटांचा कागदी नकाशा संगणकावर खऱ्या जागी बसवताना जुळवायचे नियंत्रण बिंदू हा याच्याच पुढचा भाग. झाड किंवा नदीचा काठ घ्यायचा नाही, कारण ते जागा बदलतात. जुनं देऊळ, बांधीव विहीर, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा घ्यायची. पहिल्या घाताच्या बहुपदीला, म्हणजे नकाशा बसवायच्या साध्या सूत्राला, ३ बिंदू पुरतात, पण ८ ते १० घ्यायचे आणि चारही कोपऱ्यांकडे पसरवायचे, नाहीतर उरलेली बाजू भरकटते. थिन प्लेट स्प्लाइन या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक बिंदूपुढे चूक शून्य दिसते. ती अचूकता नव्हे, ती पद्धत नकाशा ताणून प्रत्येक बिंदूतून नेतेच. म्हणून दोन-तीन बिंदू बाजूला ठेवून त्यांच्यावर पडताळा घ्यायचा आणि शेवटी सातबारावरच्या हेक्टर-आरशी ताडून पाहायचं. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच लागते, हे बजावायला तुम्ही कधी विसरला नाहीत.

पुराच्या कामात तुमचा जीव सगळ्यात जास्त गुंतलेला दिसतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. फरक साधारण १२ फुटांचा, म्हणजे पावणेचार मीटरच्या आसपास. एसआरटीएम या अवकाशातून झालेल्या रडार मोजणीची मोफत मिळणारी उंची ३० मीटरच्या चौकोनाची आणि पूर्ण मीटरमध्ये असते. ती मोजणी २००० सालच्या फेब्रुवारीतली आहे आणि उंचीत १६ मीटरपर्यंतची चूक तिच्या ठरवून दिलेल्या मर्यादेतच बसते. दाट झाडी आणि इमारतींची उंचीही तिच्यात मिसळलेली असते. त्यावरून काढलेली पूररेषा दिसायला कितीही सुबक असली तरी कुणाच्या घरात पाणी येईल हे तिला सांगता येत नाही. शिवाय पुलावरचे फूट त्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे असतात. ते समुद्रसपाटीपासूनचे धरून उंचीच्या आकड्यांशी जोडले तर सगळंच बिघडतं.

अशी रेषा अपलोड करू नका, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत आणि लगेच दुसरी वाटही दाखवलीत. भिंतींवरच्या पुराच्या खुणा नोंदवायच्या: जागा, वर्ष, आणि जमिनीपासून खुणेपर्यंतची उंची टेपने मोजून. सोबत सेंटिनेल-१ या उपग्रहाची रडार चित्रं पाहायची. ती ढगांतूनही मिळतात आणि उघडं पाणी त्यांत काळं दिसतं. उभ्या उसाखालचं आणि घरांच्या दाटीतलं पाणी मात्र त्यांत निसटतं. हा उपग्रह २०१४ मध्ये अवकाशात गेला, त्यामुळे २००५ च्या पुरासाठी खुणा आणि लोकांची आठवण यांवरच भिस्त.

फरशी पुलांची नोंद तुम्ही ज्या बारकाईने करायला लावता ती आडबाजूच्या वाड्यांच्या उपयोगाची आहे. पाणी वरून जातं असा पूल साध्या पुलाच्या टॅगने दाखवला तर वाट सांगणारं ॲप पावसाळ्यातही तिकडूनच नेतं. म्हणून ब्रिज या टॅगला लो वॉटर क्रॉसिंग हे मूल्य द्यायचं आणि फ्लड प्रोन हा टॅगही लावायचा. रस्ता थेट ओढ्याच्या तळातून जात असेल तर पूल काढायचाच नाही, रस्ता आणि ओढा एका सामाईक नोडवर, म्हणजे बिंदूवर, जोडून तिथे फोर्ड (पाण्यातून जाणारी वाट) हा टॅग लावायचा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला वेअर हा टॅग. त्यावरून दुचाकी जाते आणि ट्रक जात नाही, तर रुंदी मोजून ती नोंदवायची. आटपाडी, जत, माणमधल्या ओढ्यांना हंगामी असल्याचा टॅग हवा. आणि नदी-ओढ्याची रेषा नेहमी उताराच्या दिशेनेच काढायची. जोसम या नकाशा संपादकातला चुका शोधणारा व्हॅलिडेटर अपलोडच्या आधी चालवला की न जोडलेले रस्ते पकडले जातात, पण उलटी वाहणारी नदी पाहणाऱ्यालाच दिसते.

भाषांतरातली तुमची मदत नजरेत भरत नाही, पण रोज कामी येते. सॉफ्टवेअरच्या वाक्यांत टक्क्याच्या खुणेपुढे एक, दोन असे आकडे येतात, सॉफ्टवेअर चालताना त्यांच्या जागी खरे आकडे बसतात. ते आहेत तसेच ठेवायचे, जागा मात्र बदलायची, कारण इंग्रजीत भाग आधी आणि एकूण नंतर येतं, तर मराठीत ‘१२० पैकी १५’. ‘लेयर’ला ‘स्तर’ न करता लेयरच ठेवण्याचा तुमचा निर्णय पटला, शिकणारा माणूस तोच शब्द उच्चारतो. बग कळवतानाही तुमचीच शिस्त पाळतो: आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, फॉन्टचं नाव, दोन-तीन नोंदींचं छोटं जिओपॅकेज, काय अपेक्षित होतं आणि काय दिसलं. लेबलची शिरोरेषा तुटली तर आधी अक्षरांमधलं अंतर शून्य आहे का ते पाहायचं. तुटण्याचं कारण बहुतेकदा तेच असतं आणि बग कळवायची वेळच येत नाही.

ताई, एवढं सगळं तुम्ही कुणाला कमी न लेखता, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली तरी न कंटाळता सांगत आलात. त्याबद्दल मनापासून आभार.

यंदा बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायच्या आत वाळवा आणि पलूसमधले फरशी पूल पाहून घेतोय, त्यानंतर कराड आणि पाटण. चेंजसेट तालुकावार येतील, पुलांचे फोटो आणि रुंदीची मापं सोबत असतील. जिथे चुकेल तिथे नेहमीसारख्या चार ओळी लिहा.

आपले,
सांगली-साताऱ्याच्या नकाशावर काम करणारे सगळे