सेटल झालास का म्हणून विचारलंस, तर ऐक

प्रिय मित्रा,

तुझे मेसेज बघितले होते रे, रिप्लाय दिला नाही म्हणून तोंड फुगवू नकोस. इथे पूरग्रस्त भागात नेट संध्याकाळी जरा वेळ येतं आणि तेवढ्यात आमच्या मदतसंस्थेच्या हेड ऑफिसला रिपोर्ट पाठवायचा की तुझ्याशी गप्पा मारायच्या, तर रिपोर्टच जिंकतो. आज सुट्टी आहे, जनरेटरही चालू आहे, म्हटलं बसावं निवांत.

सेटल वगैरे म्हणशील तर झालोय बहुतेक. गेस्टहाऊसमध्ये एक खोली आहे, बाकी सगळं सामायिक, म्हणजे दिवसभर मिटिंगमध्ये ज्याच्याशी भांडलो त्याच्याच मागे रात्री बाथरूमच्या लाइनीत उभं राहायचं. कर्फ्यू आहे, अंधार पडल्यावर बाहेर पडायचं नाही. संध्याकाळी रेडिओवर एकेकाचा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ठरलेलं नाव, पुकारतात आणि आपण आहोत म्हणून सांगायचं, शाळेतल्या हजेरीसारखं. दाराजवळ एक बॅग कायम भरलेली, पासपोर्टची कॉपी, टॉर्च, औषधं, पाणी. सुरुवातीला ती बॅग बघितली की पोटात गोळा यायचा, आता तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालतो.

कामाबद्दल मात्र तुझा गैरसमज काढायलाच हवा. तुला वाटतंय मी पुरातून माणसं बाहेर काढतोय. अरे ती माणसं शेजारपाजारच्यांनी पहिल्या काही तासांतच काढलेली असतात, आम्ही बाहेरचे व्हिसा, विमान, परवानग्या करत पोचतो तेव्हा प्रश्न उरतो तो पाणी, संडास, ताडपत्री यांचा. माझ्याकडे पाण्याचं काम आहे. नदीतून पंपाने गढूळ पाणी टाकीत घ्यायचं, तुरटी टाकून गाळ बसू द्यायचा, मग वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घेऊन क्लोरीन टाकायचं, अर्धा तास थांबायचं आणि तपासायचं. तपासायला एक छोटी प्लास्टिकची डबी असते, तिच्यात पाणी भरून गोळी विरघळवली की गुलाबी रंग येतो, तो शेजारच्या पट्टीशी जुळवून बघायचा. नळाशी लिटरला ०.२ ते ०.५ मिलीग्रॅम क्लोरीन उरलेलं पाहिजे. कमी असेल तर जंतू, जास्त असेल तर वास.

आणि वासावरच सगळं अडतं बघ. एक आजी आल्या, भांडं नाकाशी धरलं, तोंड वाकडं केलं आणि सगळं पाणी झाडाला घातलं. म्हणजे त्या परत डबक्यावर जाणार आणि आपली सगळी केमिस्ट्री गेली पाण्यात. मी असतो तर अजून एक पोस्टर चिकटवलं असतं. माझ्या इथल्या लोकल सहकाऱ्याने काय केलं, त्यांच्याशेजारी बसला, स्वतः ग्लासभर प्यायला, घरचं-दारचं बोलला, आणि मग सांगितलं की भांडं जरा वेळ उघडं ठेवा, वास उतरतो. आता त्या आजीच बाकीच्यांना सांगत फिरतात.

आमच्याकडे आकडे खूप असतात, स्फिअर नावाची मानकं आहेत, म्हणजे संकटात माणसाला निदान काय मिळालंच पाहिजे त्याची यादी, १९९७ पासून त्यावर काम चालू आहे. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, एका नळामागे २५० माणसं, पाणी ५०० मीटरच्या आत, संडास सुरुवातीला ५० माणसांमागे १ आणि मग लवकरात लवकर २० मागे १. मला आधी हे कागदी वाटायचं, पण पैसे देणाऱ्यासमोर भांडताना हाच कागद कामाला येतो. फक्त कागदावर बसलं म्हणजे झालं असं नाही. एका ओळीतले संडास हिशोबात चोख बसत होते तरी बायका तिकडे फिरकत नव्हत्या, का तर आतून कडी नाही आणि रात्री दिवा नाही. ते विचारायला बायकांच्यात बसावं लागलं, तेही आमच्या टीममधल्या मुली बसल्या म्हणून कळलं.

आता जे मला खरं खुपतंय ते सांगतो. तो सहकारी, आजींना पाणी पाजणारा, त्याच्या स्वतःच्या घरात कमरेएवढा गाळ होता. दिवसभर दुसऱ्यांना ताडपत्र्या वाटायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन फावडं मारायचा. मला ठरावीक आठवड्यांनी रजा, विमानाचं तिकीट, इन्शुरन्स. त्याला यातलं काहीच नाही, पगार माझ्यापेक्षा कितीतरी कमी, काम तेच, उलट जास्तच. २०१६ साली इस्तंबूलला मदतकार्यावर झालेल्या जागतिक शिखर परिषदेत बऱ्याच मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी मिळून ठरवलं होतं की २०२० पर्यंत मदतीच्या पैशातला २५ टक्के पैसा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांकडे जायचा. गेला नाही. आणि आम्ही मात्र मिटिंगमध्ये कोण कुठे काय करतंय याचे तक्ते भरत बसतो, इंग्रजीत, त्यामुळे ज्यांना खरंच माहीत असतं ते मागच्या खुर्चीत गप्प. यावर मी जरा तोंड उघडलंय, काही लोकांना आवडलेलं नाही, बघू. निदान मिटिंगमध्ये दुभाष्या बसायला लागलाय.

हां, आणि तू कपडे गोळा करून पाठवू का विचारलंस. नको रे बाबा. मन चांगलं आहे तुझं, पण ते कस्टममध्ये अडकतात, मग गोदाम अडवतात, मग माणसं निवडत बसतात आणि त्यात एकेक बूट निघतो. पैसेच दे, तेही इथल्या स्थानिक संस्थेला, बाजार चालू झालाय, लोकांना काय घ्यायचं ते त्यांचं त्यांना कळतं. संस्थेचा पत्ता आणि खात्याची माहिती वेगळी पाठवतो, ऑफिसातल्या लोकांनाही सांग.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवतील असं दिसतंय. मी म्हटलंय वाढवायचं तर थोडंच वाढवा, आणि तेवढ्यात ही पोस्ट त्याच सहकाऱ्याला द्या, हँडओव्हरच्या नोट्स मी आत्ताच लिहायला घेतल्यात. उत्तर अजून आलेलं नाही. काय होतंय ते कळवतो, आणि तूही जरा मोठं लिही, नुसते अंगठे पाठवू नकोस.

तुझाच,
मी

ता. क. बूट पाठवणार असशील तर माझ्या मापाचे गमबूट पाठव, इथे मिळतात ते सगळे लहान होतात.