रस्त्यांसाठी कर्जरोखे काढा, डागडुजीसाठी नको

महोदय,

पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे कर्जरोखे (गुंतवणूकदारांकडून व्याजाने पैसे उभारण्याचे रोखे) काढले, व्याज 7.59 टक्के, मुदत 10 वर्षे. रस्त्यांसाठीही तसे काढावेत. मात्र कामाचे आयुष्य कर्जाच्या मुदतीहून जास्त हवे, नाहीतर उखडलेल्या रस्त्याचे व्याज आपण भरत राहू.

डांबराचा खरा शत्रू पाणी. ते भेगांतून झिरपते, खडीवरचे डांबर सुटते आणि चाकांखाली खड्डा पडतो. म्हणून आधी पावसाळी गटारे, जलवाहिन्या, केबल टाकायच्या नळ्या (डक्ट), मग पाया, शेवटी डांबराचा थर, मध्यापासून कडेला सुमारे 2.5 टक्के उतार देऊन. वाहिन्यांसाठी खोदलेला चर थराथराने दाबूनच भरावा. एकदम लोटलेला भराव पहिल्याच पावसात खचतो.

सॅन फ्रान्सिस्कोत 2011 मध्ये 24.8 कोटी डॉलरच्या रस्ते-रोख्यांसाठी मतदारांची दोन तृतीयांश संमती लागली. आपल्याकडे असे मतदान नाही. म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा: कोणते रस्ते घेणार? परतफेडीसाठी मिळकतकराचा पैसा स्वतंत्र खात्यात ठेवणार का? ठेकेदारावर दोषदुरुस्तीची जबाबदारी किती वर्षे?

– एक स्थापत्य अभियंता, पुणे