आजोबांचा कोट आणि तुझी चंद्रकळा

धरमपेठ, नागपूर
डिसेंबरचा तिसरा रविवार

प्रिय चिऊ,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. संक्रांतीला येते आहेस आणि काकूंची चंद्रकळा नेसणार आहेस, हे वाचून इतका आनंद झाला की पत्र हातात घेऊन तशीच आईकडे गेले, तिलाही वाचून दाखवलं. पण पुढची ओळ आली आणि मी थबकले. ‘वरून माझं ते फुगीर काळं जॅकेट घालीन, नाहीतर तुमच्या थंडीत माझं काही खरं नाही.’ नको गं चिऊ. तेवढं सांगायलाच हे पत्र लिहिते आहे. लांबणार आहे, चहा घेऊनच बस.

सकाळचे साडेआठ झालेत आणि मी गच्चीवर उन्हात बसले आहे. घरात बसवत नाही. मुंबईत राहून तू विसरली असशील, पण आपली जुनी घरं बांधलेली आहेत उन्हाळ्यासाठी. उंच छत, जाड भिंती, फरशी. मे महिन्यात त्यांच्यासारखं सुख नाही. डिसेंबरात मात्र रात्रभर गार पडलेली भिंत दुपारपर्यंत तापत नाही, म्हणून बाहेरच्यापेक्षा घरातच जास्त हुडहुडी भरते. पहाटे पारा १० च्या खाली आणि दुपारी २८ च्या आसपास. एका दिवसात एवढा चढउतार सोसायचा तर एकच जाड कपडा उपयोगाचा नाही. सकाळी हवा तो दुपारी फेकावासा वाटतो. थरावर थर हवेत, आणि एकेक काढता यायला हवा.

आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यांच्या अंगवळणीच पडलेलं होतं. माझ्या आजीचा १९४८ सालचा फोटो तुला आठवतो का, महाल भागातल्या वाड्याच्या पायरीवरचा? बंद गळ्याचं पोलकं, बाह्या कोपराखाली आलेल्या, त्यावर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर, त्यावर पदर आणि पदरावरून दोन्ही खांद्यांवर घेतलेली शाल. पायात अंगठ्याचे मोजे. आपण तो फोटो पाहून ‘किती सुंदर दिसायची’ म्हणतो, पण तिनं तो वेष थंडीसाठी केलेला होता. दिसण्यातला डौल त्या उबेतूनच आलाय. म्हणून मला राग येतो, खरंच येतो, जेव्हा जुन्या पद्धतीचं नेसून वर नायलॉनचं जॅकेट चढवतात. जे कपडे थंडीसाठी जन्मले, त्यांनाच आपण थंडीला घाबरून झाकून टाकतो.

तुझ्या चंद्रकळेचंच बघ. संक्रांतीला काळं नेसायची रीत आहे, कारण काळा रंग ऊन शोषतो आणि उबदार राहतो. एरवी सणावाराला काळं चालत नाही, वर्षातला हाच एक सण त्याचा मान राखतो. पण तू हळदीकुंकवाला येणार संध्याकाळी सातला, अंगणात. ऊन गेलं की रंगाची ऊब संपली. तेव्हा सगळी भिस्त आतल्या थरांवर.

मी कसं करते ते सांगते. साटीनचा परकर अजिबात नको, तो अंगाला बर्फासारखा लागतो. सुती फ्लॅनेलचा परकर शिवून घे, दोन मीटर कापडात होतो. फ्लॅनेलवर साडी घसरतही नाही, निऱ्या जागच्या जागी राहतात. परकराच्या आत अंगाबरोबरची गरम पँट घालायची, ती कुणाला दिसत नाही. ब्लाउजच्या आत पातळ सुती बनियन, कारण लोकर थेट अंगाला टोचते. ब्लाउज मात्र लांब बाह्यांचा आणि उंच गळ्याचा हवा. गळा आणि मनगटं झाकली की निम्मी लढाई जिंकली. काकूंच्या पेटीत तो मरून मखमली ब्लाउज असेल बघ, काळ्यावर तो फार खुलेल. वरून कार्डिगन घेतलंस तर कमरेपर्यंतच घे. १९६० च्या सुमाराची कार्डिगन आखूड असायची, त्यामुळे निऱ्या दिसतात आणि बांधा उठून येतो. लांब स्वेटरनं साडीचं पोतं होतं.

कापडाची निवड मात्र नीट कर. जुनं दिसतं म्हणून ऊबदार असेलच असं नाही. आपल्या बाबांच्या तरुणपणी टेरिलीनची केवढी ऐट होती! पण ते कापड घाम शोषत नाही आणि थंडीत अंगाला गारच लागतं. लोकरीचा धागा नागमोडी असतो, त्या वळणांत हवा अडकते आणि ती हवाच ऊब धरते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पिते, तरी ओली लागत नाही. पहाटे फुटाळा तलावावर धुकं असताना हे कळतं. बरोबरच्यांची नायलॉनची जॅकेटं आतून दमट झालेली असतात आणि माझा कोट कोरडा. आपल्या भंडाऱ्याकडचं करवतकाठी टसरही हिवाळ्यात उत्तम. त्या सुताला मुळातच थोडा खरखरीत भरदारपणा असतो. दुसऱ्या दिवशी नेसायला माझं देईन.

आता कोटाचं. त्याच्याबद्दल मी तुला कधी सविस्तर लिहिलं नाही.

आजोबा सचिवालयात होते, नागपूर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होतं तेव्हा. १९५५ च्या हिवाळ्यात त्यांनी कानपूरच्या लाल इमली गिरणीचं राखी लोकरी कापड घेऊन कोट शिवला. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राजधानी भोपाळला गेली. बरोबरचे पुष्कळ लोक तिकडे गेले, आजोबा नाही गेले. त्यांच्यामागे कोट कपाटात राहिला. एकदा तर तो भांड्यांच्या बदल्यात बोहारणीला जायच्या बेतात होता, मीच मधे पडले.

मी तो पहिल्यांदा घातला २९ डिसेंबर २०१८ ला. त्या दिवशी नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता. मला सकाळी इतवारीत जायचंच होतं आणि घरातला एकही स्वेटर पुरेना. कोट अंगावर घेतला आणि दोन मिनिटांत खांदे सैल झाले. तोवर थंडीनं आपण किती आखडून चालतो तेच कळलं नव्हतं. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, पण त्या दिवशी काढला नाही.

मग सीताबर्डीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे नेला. त्यांनी आधी आतली शिवण उसवून पाहिली आणि म्हणाले, ‘बाई, यात माया भरपूर ठेवली आहे.’ शिवणीत सोडलेल्या जादा कापडाला माया म्हणतात हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी तो शब्द ऐकून डोळ्यांत पाणी आलं. आजोबा पुढे जाड होतील, मुलगा घालेल, म्हणून शिंप्यानं ती ठेवली होती. मास्तरांनी बाह्या आखूड केल्या, कंबर आत घेतली, पण मायेचं कापड कापू दिलं नाही, तसंच आत दुमडलं. खांद्यांना हात लावला नाही. कोटाचा सगळा भार आतल्या कॅनव्हासवर आणि खांद्यांवर असतो, ते उसवले की कोट मेला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जुना कोट घेताना खांदा बसतो का एवढंच बघायचं, बाकी सगळं होतं.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती तुझ्याकडून होऊ नये. आजीच्या हातचा बाटली-हिरवा स्वेटर मी गरम पाण्यात चोळून धुतला. लोकरीच्या धाग्यावर खवले असतात. उष्णता आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. तीन वर्षांच्या पोराला येईल एवढा झाला तो. मी अजून जपून ठेवलाय, पण आजीचे टाके त्यात दिसत नाहीत, सगळे मिटले. तेव्हा गार पाणी, रिठा, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळवायचं.

काकूंची पेटी या आठवड्यातच उघड. डांबरगोळ्यांचा वास दोन दिवसांत जात नाही, आठवडाभर सावलीत वारा लागू दे. लोकर खाणारी कसर घामाच्या आणि डागांच्या जागी आधी लागते, म्हणून कॉलर, काखा, मनगट उजेडात धरून बघ. बारीक भोक असेल तर रफूला टाकू, इतवारीत अजून चांगले रफूगर आहेत. घडीवरची जरी मात्र हळूच उलगड, तिथेच फाटते.

भाऊजींना सांग, त्यांचा लग्नातला बंद गळ्याचा कोट आणि एक मफलर पुरे.

आणि इथे येऊन काही कमी पडलंच तर घाबरू नको. तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागली आहेत. दरवर्षी अधिवेशनाला मुंबईहून आलेली माणसं पहिल्याच संध्याकाळी तिथे दिसतात. साध्या विणीचं, गडद रंगाचं, पुढे बटणांचं काहीतरी शोधून ठेवते.

तुझ्या खांद्याचं माप कळव. मानेच्या मागच्या हाडापासून नाही, एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाठीवरून. आजोबांचा कोट मी कालच उन्हात टाकलाय. सात वाजता अंगणात तो तूच घालायचास, मी शाल घेईन. माप पंधरा इंचांच्या आसपास निघालं तर मास्तरांकडे जायचंही काम नाही.

तुझीच,
माई

ता. क. संत्री आली आहेत. येताना एक पिशवी रिकामी ठेव.