फिशटँकचा स्पंज नळाखाली धुऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जलशुद्धीकरण केंद्रात माझी ३१ वर्षे नोकरी झाली. पाण्यातले जंतू मारायचे, हेच माझे काम. निवृत्त झाल्यावर नातीसाठी फिशटँक आणला आणि त्याच सवयीने तिचे दोन गोल्डफिश माझ्या हातून गेले. लिहायला जड जाते आहे, पण हीच चूक इतर घरांतही रोज होत असणार, म्हणून लिहितो.

चांगले पाणी कशाला म्हणतात, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे, हा आमचा पहिला धडा. ओ. टी. टेस्टच्या, म्हणजे क्लोरीन तपासायच्या चाचणीच्या, नळीत पिवळा रंग आला की आम्ही निर्धास्त. माशांना मात्र याचा दहावा हिस्साही सोसेलच असे नाही, कारण क्लोरीन थेट त्यांचे कल्ले जाळतो. एवढे मला माहीत होते. म्हणून पाणी बादलीत दिवसभर उघडे ठेवायचे, नळीत पिवळेपणा उरला नाही हे बघायचे आणि मगच टाकीत घालायचे, हा माझा नेम होता. (जिथे क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात तिथे नुसते उघडे ठेवून भागत नाही. ते उडून जात नाही, त्यासाठी क्लोरीन काढणारे औषध घालावेच लागते.)

एका रविवारी मी फिल्टर उघडला. स्पंज पिळला तर तपकिरी, बुळबुळीत गाळ निघाला. मला ती घाण वाटली. नळ पूर्ण सोडून, निथळणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत तो पिळत राहिलो. खाली अंथरलेले खडेही चोळून धुतले, काच घासली, सगळे पाणी बदलले. टाकी इतकी लखलखीत त्यापूर्वी कधी दिसली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे वर येऊन, तोंड पाण्याच्या कडेला लावून भराभर श्वास घेत होते. कल्ल्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. नात म्हणाली, "आजोबा, त्यांना भूक लागलीये." मी चिमूटभर खाणे टाकले. ते तसेच तरंगत राहिले. संध्याकाळी एक मासा गेला, दुसऱ्या दिवशी दुसरा. तोवर पाणी मात्र नितळ होते, पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर त्यातून वाचता येत होते.

मग अमोनिया तपासायचे किट आणले. त्यात पिवळा रंग राहिला तर अमोनिया नाही, हिरवा झाला तर आहे. माझी नळी गर्द हिरवी झाली.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि उरलेले खाणे कुजूनही तोच तयार होतो. वाहत्या नदीत तो वाहून जातो, टाकीत जायला जागाच नसते. तिथे दोन प्रकारचे जिवाणू माशाला जगवतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, त्याने रक्त तपकिरी पडते आणि त्याची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असते आणि पाणी बदलले की निघून जाते. हे जिवाणू राहतात कुठे? स्पंजवरच्या त्या बुळबुळीत थरात आणि खड्यांवर. क्लोरीनच्या पाण्याखाली धरून मी नेमके त्यांनाच धुऊन काढले होते.

आता स्पंज मी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत दोनदा हलकेच दाबतो. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो, सगळे कधीच नाही. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर आधी खाणे बंद करावे आणि क्लोरीन काढलेले, तेवढ्याच तापमानाचे पाणी घालून थोडे पाणी बदलावे. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडाही बघावा. तो ७ वरून ८ वर गेला तर तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. आणि एक गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती: हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. डास मारायच्या वड्या-लिक्विडमधली पायरेथ्रॉइड जातीची द्रव्ये माशांना अतिशय घातक असतात. टाकीच्या खोलीत ती लावू नयेत.

विक्रेत्यांना मला वेगळेच सांगायचे आहे. आम्हाला टाकी, खडे, फिल्टर आणि मासे एकाच दिवशी, एकाच फेरीत मिळाले. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आमचे मासे सुरुवातीला तगले ते जातीने दणकट म्हणून. "टाकी किती दिवसांची आहे?" एवढा एकच प्रश्न मासे देण्यापूर्वी विचारला, आणि उत्तर "आजच घेतली" असे आले तर गिऱ्हाईकाला महिन्याने बोलावले, तर विक्री बुडत नाही, पुढे ढकलली जाते.

या वेळी आम्ही मासे न घालता टाकी पाच आठवडे चालवली, जिवाणूंना खाद्य म्हणून रोज थोडा थोडा अमोनिया घालून. वहीत आकडे नात लिहीत होती. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य आले, तेव्हाच मासे आणले.

आपल्या मुलांच्या पुरवणीत फिशटँकवर कधी लिहून आले, तर शोभेच्या झाडांच्या आधी या पाच आठवड्यांबद्दल चार ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जलशुद्धीकरण कर्मचारी